आत्याचा कॉम्प्युटर आणि त्यामागचं लाल बटण

नेयाफू, वावाऊ
रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थस्वरूप कालोलाइने आत्यास,

अमानाकीचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार. हे पत्र मी चटईवर मांडी घालून लिहितो आहे. घरात टेबल-खुर्ची आहे, पण बाबांच्या थोरल्या बहिणीला खुर्चीत बसून लिहायची माझी छाती होत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ऑकलंडच्या थंडीत तो फार ठणकतो असं तुमच्या सेलाने फोनवर सांगितलं, तेव्हापासून आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याचं नाव असतं. (डावा की उजवा ते कळलं नाही, म्हणून तुमची सून लेसिएली दोन्हींसाठी मागणं मागते.) इकडे सगळे खुशाल. कोनफळं यंदा मांडीएवढी झाली आहेत. आणि तुम्ही पाठवलेला कॉम्प्युटर सुखरूप आहे. हे वाक्य मुद्दाम आधी लिहिलं, कारण पुढचं वाचताना तुम्हाला तसं वाटणार नाही.

झालं असं की चर्चची मोठी परिषद यंदा आमच्या गावात भरायची होती. त्यासाठी आमचे गायनमास्तर म्हातारे फिनाऊ यांनी नवं भजन रचलं होतं, चार आवाजांचं, आणि ते तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवायचं काम माझ्याकडे होतं. म्हातारा रोज येऊन एखादा स्वर बदलायचा, मी बदलायचो. जुने कागद कुणाच्याच कामाचे उरले नव्हते. खरं भजन काय ते त्या पेटीत. अशात एका सकाळी मी बटण दाबलं, आत ‘टक्’ झालं, करवंटी जळल्यासारखा वास आला आणि पेटी गप्प झाली. दुकानदाराला फोन केला तर तो मुलीच्या लग्नासाठी नुकुआलोफाला गेलेला. तिथूनच म्हणाला, “पॉवर सप्लाय गेला. मागचा पत्र्याचा डबा. चार स्क्रू काढ, जुना काढ, नवा बसव.” मागे बँड वाजत होता. बँडच्या तालावर सगळंच सोपं वाटतं.

त्याच संध्याकाळी कावा प्यायच्या बैठकीत मी हे बोललो, ही माझी चूक. वीज कंपनीचा लोपेती शेजारी बसला होता. तो म्हणाला, “प्लग काढलास म्हणून निर्धास्त राहू नकोस. त्या डब्यात वीज दबा धरून बसते. शार्क किनाऱ्यावर मेल्यासारखा पडलाय म्हणून त्याच्या तोंडात हात घालतोस का?” मी म्हटलं, “पण डबा उघडायचा नाहीये, नुसता बदलायचाय.” “मग ठीक आहे,” तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. आत्या, त्या मायेनेच माझी झोप उडाली.

होनोलुलूहून सामिउ (लेसिएलीचा मामेभाऊ, जो सगळीकडे गॉगल घालून फिरतो) येणार होता, त्याच्याकडून नवा डबा मागवला. बसवायच्या दिवशी मी खाली चटया अंथरल्या, हातांना पाव भाजायचे मोजे चढवले, त्यांनी स्क्रू धरता येईना म्हणून काढले, पाद्रीसाहेबांना बोलावून प्रार्थना करवली आणि लेसिएलीच्या हातात होडीचं लाकडी वल्हं दिलं. मला विजेने धरलं तर तिने मला फटका मारून सोडवायचं, अशी योजना. ती म्हणाली, “कुठे मारू?” मी म्हटलं, “कुठेही मार, पण वेळेवर मार.” पाद्रीसाहेबांनी मला काही शेवटचं सांगायचं आहे का असं विचारलं. त्यांचा हेतू चांगलाच असणार.

डबा बसला. सगळ्या तारा जागच्या जागी गेल्या. डब्याच्या पाठीवर एक छोटं लाल बटण होतं. लाल गोष्टीला हात लावू नये एवढी अक्कल मला आहे, म्हणून मी लावला नाही. भिंतीवरचं बटण दाबलं आणि असा बार झाला की विचारू नका. घर अंधारलं, धूर आला. पुढचं मला आठवतं ते नीरफणसाच्या झाडाखाली, हातात स्क्रूड्रायव्हर. माझ्याही पुढे कुंपणापाशी पाद्रीसाहेब उभे होते. लेसिएली मात्र वल्हं घेऊन जागेवरच. तिने पेटी फिरवली, डब्याची पाठ वाचली आणि खिडकीतून म्हणाली, “अहो, त्या लाल बटणावर सामिउच्या गावची वीज लावलीय. आपली दुप्पट आहे. बटण फिरवायचं होतं.”

मी झाडाखालीच बसलो. विजेची भीती वेगळी. ती स्वतःच्या अंगापुरती असते. आता जी वाटली ती म्हाताऱ्याच्या भजनासाठी. माझ्या हातून भजन जळलं असेल तर? फिनाऊ आता थकले आहेत, ऐकूही कमी येतं. ते पुन्हा बसून चार आवाज बांधतील असं कुणालाच वाटत नव्हतं. मी त्यांना तोंड दाखवायचं टाळू लागलो. ते दिसले की केळीत शिरायचो.

शेवटी शाळेच्या अडगळीतल्या मशीनचा डबा मिळाला, त्यावर लाल काही नव्हतं. मी बसवायला गेलो तर पहिलाच स्क्रू निसटून आत पडला. (नारळ हलवून पाणी बघतात तसा तुमचा कॉम्प्युटर हलवून तो काढला. क्षमा असावी.) म्हणून तारा लेसिएलीने जोडल्या आणि टॉर्च धरण्याचं जोखमीचं काम मी पत्करलं, खिडकीबाहेरून. तिने बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला. भजन होतं, चारही आवाज होते. मला रडू आलं, तेवढ्यात दारात काठी वाजली. फिनाऊ आत येऊन म्हणाले, “कुठे होतास इतके दिवस? तिसऱ्या ओळीत बदल आहे.”

परिषदेत भजन फार सुंदर झालं. म्हातारा शेवटच्या स्वराला हात खाली घ्यायचाच विसरला.

वडीलधाऱ्यांना आमचा नमस्कार, लहानांना पापा.

आपला आज्ञाधारक,
अमानाकी

ता. क. – लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. पाद्रीसाहेबांनी व्यासपीठावरून माझं नाव घेतलं, ‘ज्याने भजन मरणातून उठवलं’ असं. तेव्हापासून लोक ओसरीवर बंद पडलेल्या वस्तू आणून ठेवतात, सोबत अळूच्या पानात बांधलेलं जेवण, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. काल दवाखान्याच्या नर्सबाईंनी फ्रीज आणला. आत्या, माझं ‘नाही’ कुणी ऐकत नाही. पण आपल्या रीतीप्रमाणे बापाच्या बहिणीने घातलेली बंदी पाद्रीसाहेबही मोडणार नाहीत. तरी ‘अमानाकीने विजेच्या वस्तूला हात लावू नये’ एवढं कडक शब्दांत लिहून पाठवा. जेवणाबद्दल काही लिहू नका.

ता. क. २ – आत्याबाईंना लेसिएलीचा नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी. बंदी जरूर घाला, फक्त नाव यांचंच घाला. फ्रीजच्या प्लगमधली तार सुटली होती, मी जोडली, चालू आहे. यांना सांगितलेलं नाही. त्याच्याजवळून जाताना हे भिंतीला चिकटून चालतात. तिकडे चांगले स्क्रूड्रायव्हर मिळतात म्हणे, एक संच पाठवाल का? पार्सलवर ‘बायकांचे कपडे’ लिहा, म्हणजे हे उघडणार नाहीत.