ललितासाठी तिसऱ्या रांगेतली खुर्ची

४ जानेवारी, रविवार

“सातपूरच्या नाट्यवेड्यांनो! मुंबईचं नाटक आपल्याकडे येतं, तेव्हा फिरता रंगमंच मुंबईतच राहतो. दोन दारं, एक सोफा – झाला दौऱ्याचा प्रयोग! अख्खं नाटक बघायचा हक्क काय फक्त दादरकरांचा?”

आज वाचनालयाच्या बैठकीत असं बोलले. टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला. पण टाळ्या पडल्या!

ठरलं. अठराच्या रविवारी मुंबई! सकाळी पंचवटी एक्स्प्रेस, त्या फिरत्या रंगमंचाच्या नाटकाचा अकराचा प्रयोग, संध्याकाळी त्याच गाडीनं परत. मुक्काम नाही, हॉटेल नाही. भाकरी-ठेचा घरून. स्टेशनापासून थिएटरपर्यंत पायी. तिकिटं बाल्कनीची. गरिबाला बाल्कनीतून जास्त दिसतं, असं मी म्हटलं. किशोर म्हणाला, “ताई, बाल्कनीतून मला फक्त नटांचं टक्कल दिसतं.” हा किशोर आमच्या हौशी नाटकात कायम पोलीस. टोपी घालून असतो, म्हणून दुसऱ्यांची टकलं मोजतो!

६ जानेवारी, मंगळवार

किशोरची बायको ललिता येणार नाही म्हणाली. तिचं इस्त्रीचं दुकान कंपन्यांच्या रस्त्यावर आहे. इथल्या कालिदास नाट्यगृहात मुंबईचं नाटक आलं की नटांच्या कपड्यांना इस्त्री तिचीच. प्रयोगभर विंगेत उभी, पुढच्या प्रवेशाची साडी हातावर घेऊन.

“तू तर हे नाटक दौऱ्यावर आलं तेव्हा पाहिलंयस,” मी म्हटलं.

“कुठं पाहिलंय? शेवटी ती बाई बोलतच नाही, नुसती उभी राहते. लोक हुंदके देतात. मला तिची पाठ दिसते! ब्लाउजला चूण पडलीय का, एवढंच बघते मी. तोंडानं काय करते देव जाणे.”

इतकी वर्षं विंगेत, आणि नाटक एकदाही समोरून नाही! मी जगभरच्या रंगभूमीबद्दल भाषणं ठोकते, आणि हे मला आज कळतंय.

नाही. ललिता येणारच. तिला तो चेहरा दिसलाच पाहिजे.

७ जानेवारी, बुधवार

आम्ही सगळे बाल्कनीत. ललिता खाली, तिसऱ्या रांगेत, मधोमध. तिच्या तिकिटाची वर्गणी सगळ्यांची. सायखेड्याच्या गोजराबाई म्हणाल्या, “माझ्या झेंडूचं एक क्रेट तिच्या नावानं. पन ती मधी रडली तर मला वरून दिसलं पायजे!”

ललिता: “एकटीच? माझ्या शेजारी कोण?”

किशोर: “मुंबईवाले. घाबरू नको, ते बोलत नाहीत.”

१० जानेवारी, शनिवार

गाडीचं आरक्षण झालं! अख्खा डबा आपलाच असल्यासारखी मंडळी आत्तापासून खिडक्यांवरून भांडतायत. प्रयोगाची जाहिरात अजून आली नाही. न यायला काय झालं? दर रविवारी अकराला असतोच.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळगूळ द्यायला ललिताच्या दुकानात गेले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. दौऱ्यांची इथली व्यवस्था बघणारा राकेश. तिनं इस्त्री उभी केली आणि फोन स्पीकरवर टाकला.

“ललिताताई, रविवारी दुपारी कालिदासला या. पाचचा प्रयोग. मुंबईचा रद्द करून इकडे आणलाय.”

तेच नाटक! त्याच रविवारी! आम्ही तिकडे, आणि नाटक इकडे! जाहिरात यायच्या आधी गाडी आरक्षित करायची घाई कुणाची? माझी.

ललिता शांतपणे म्हणाली, “येते.” मग माझ्याकडे बघून, “बरंच झालं ताई. माझ्याच्यानं नसतं बसवलं तिथं.”

मी ओरडले. कुणावर, कोण जाणे. किशोर वाटीतला हलवा पुढे करून म्हणाला, “ताई, आज तरी गोड बोला.”

१५ जानेवारी, गुरुवार

झोप नाही. मी रागावलेय ती मुंबई हुकली म्हणून, की फिरता रंगमंच हुकला म्हणून? ललिताला फिरत्या रंगमंचाशी काय करायचंय? तिला एक चेहरा बघायचाय. आणि चेहरा दौऱ्यावर येतोच की! तो काय ट्रकमध्ये मावत नाही म्हणून ठेवून येतात?

सकाळीच राकेशला फोन केला. तो म्हणाला, “कपडे कडक पाहिजेत. इस्त्री कोण फिरवतं ते मी बघत नाही.”

बस्स!

१६ जानेवारी, शुक्रवार

गाडीचं आरक्षण रद्द केलं. बैठकीत गोजराबाई फुगून बसल्या. “मी मुंबईसाठी नवी चप्पल घेतलीय, ती काय कालिदासला घालू?” मी म्हटलं, घाला! मुंबई कुठं पळून जात नाही. पण विंगेतून ललिताला बाहेर काढायला हा एकच रविवार आहे. तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची मिळाली. आता कपडेपट आपण सांभाळायचा!

संध्याकाळी ललिताच्या दुकानात शिकवणी. तिनं माझा हात धरून रेशमावर इस्त्री फिरवली. “दाबू नका ताई, हे टेबल नाही.” किशोरनं कॉलर जाळली. स्वतःचीच, सुदैवानं.

ललिता अजून म्हणतेय, “नको हो, मला सवय नाही.”

१८ जानेवारी, रविवार. विंगेतून, प्रयोग चालू

हँडबिलाच्या पाठीवर लिहितेय, घरी जाऊन चिकटवीन. पुढच्या प्रवेशाची साडी माझ्या हातावर. उजेड तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतो. ललिता मधोमध, ठेवणीतल्या साडीत, गोजराबाईंचा गजरा माळून. पण दर दोन मिनिटांनी मान इकडे! भुवया उंचावून विचारते: इस्त्री बंद केली का? मी इस्त्रीची उपटलेली पिन वर धरून दाखवली. पुन्हा मान इकडेच.

शेवटचा प्रवेश लागला. ती बाई उभी राहिली. मला तिची पाठ दिसतेय. ब्लाउजच्या बाहीला चूण पडलीय, समोरूनही दिसेल अशी, माझ्याच हातची. सभागृहात हुंदके सुरू झाले.

आणि ललिता बघतेय चुणीकडे!

अगं, चूण मी बघते. तू समोर बघ!