तिसरा आरसा

१२ जाने.
निर्वात टाकी उघडली. उपग्रहावर जायच्या लेसरचा तिसरा आरसा मधोमध काळा. ज्वारीच्या दाण्याएवढा डाग. अवकाशातून हवेतली धूळ मोजायला निघालो आणि घाण आमच्याच टाकीत. काचेवर काहीतरी तेलकट बसलं असणार. निर्वातात किरण पडला की ते जळून चिकटतं. चौकशी समितीला कारण हवंय.

१३ जाने.
सगळ्यांना ओळीत उभं केलं. हातमोजे काढायला लावले, एकेकाचे हात हुंगले. मंद्रूपची अक्षता, जुळणीला बसते ती, हात मागे. थंडीनं फुटलेले, खोबरेल चोपडलेले.
"मॅडम, काल घरी लावलं होतं. साबणानं धुतले की."
"इथे आरसे जुळवतात. चपात्या लाटत नाहीत."
कोणीतरी हसलं. मी थांबवलं नाही. तिला पॅकिंगला बसवलं.

१४ जाने.
सिद्धेश्वराची जत्रा. सुट्टी दिली नाही. अक्षतानं तिळगूळ पुढे केला. "ठेव तिथे" म्हटलं. संध्याकाळपर्यंत तिथेच.

१६ जाने.
तिचे वडील आले. बसा म्हटलं तरी उभेच.
"बाई, पोरगी जेवत न्हाय. तिनं खरंच नासवलं का, तेवढं सांगा की."
"हो."
गेले.

१८ जाने.
तपासणीचा कागद आला. डाग खोबरेलाचा नाही, सिलिकॉनचा. म्हणजे वायरी चिकटवायचा गोंद. टाकीत घालण्याआधी तो तीन दिवस भट्टीत तापवून वाफ काढून टाकायची असते. मी एका दिवसात बाहेर काढायला लावला. चाचणीची तारीख गाठायची होती.
अक्षता तेव्हा म्हणाली होती, "मॅडम, तीन दिवस लिहिलंय की." मी म्हटलं, "वाचता येतं मला."
कागद कुलपात.

१९ जाने.
अक्षता केबिनमध्ये आली.
"मॅडम, तपासणी आली?"
"नाही."
"आली की दाखवा. माझ्या हातानं काय झालं ते मला बघायचंय."
हातांना तेल नव्हतं. भेगांतून रक्त.

२० जाने.
उद्या अकराला समिती. अहवालात एक रकाना: जबाबदार व्यक्ती. माझं नाव घातलं तर लेसर दुसऱ्या कोणाकडे जाईल. नऊ वर्षं. तो वर गेलेला मला टीव्हीवर बघावा लागेल.
अक्षताचं नाव लिहिलं. सही केली.
साडेपाचला समितीच्या साहेबांचा फोन. "त्या मुलीलाही आणा. तिच्या तोंडून ऐकायचंय."
आणते म्हटलं.
तिला अजून कळवलेलं नाही.