पाचवी सूचना आणि बाळाचे ठोके

तीर्थरूप बाबांना लेकीचा वाकून नमस्कार (आठव्या महिन्यात जेवढं वाकता येतं तेवढा).

तुमचा गुडघा कसा आहे? आई म्हणते, बरा आहे. तुम्ही काय म्हणता ते कळायला मार्ग नाही, कारण माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. तीन पत्रांना उत्तर नाही. हरकत नाही, मीही तुमचीच मुलगी आहे, चौथं लिहितेय.

तर मी आणि तुमचे जावई (ज्यांना तुम्ही अजून ‘तो मशीनवाला’ म्हणता) यांनी इथल्या इस्पितळातल्या एका संशोधनात नाव नोंदवलंय. पोटातलं बाळ वडिलांचा आवाज ओळखतं का, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंना तपासायचंय. त्यासाठी ह्यांनी सहा आठवडे रोज जेवणानंतर माझ्या पोटाशी बसून एकच मजकूर वाचायचा. गोष्ट दिली तर मी हसेन-रडेन आणि आकडे बिघडतील, म्हणून बाईंनी मुद्दाम कोरडा मजकूर निवडला : कपडे धुण्याच्या मशीनचं माहितीपत्रक. जगात मजकुरांचा काय दुष्काळ पडला होता? ज्या माणसाने पंधरा वर्षं हीच मशिनं उघडून दुरुस्त केली, त्याच्या हातात हे पत्रक! पहिल्याच दिवशी पाचव्या सूचनेला गाडी अडली. नळी जोडा म्हणतात, पण आधी नळ बंद करायचं कोण सांगणार? मग रोज पाचव्या सूचनेला बाळासमोर ह्यांचं त्या पत्रकाशी कडाक्याचं भांडण. (चूक दिसली की गप्प बसवत नाही, हा गुण मी याआधी एकाच माणसात पाहिला होता. ते मुख्याध्यापक होते.) बाईंना अर्थातच आम्ही यातलं काही सांगितलं नाही.

काल परीक्षा झाली. मी डाव्या कुशीवर, पोटाला पट्टा, पडद्यावर बाळाच्या ठोक्यांची रेघ. ह्यांच्याकडून पत्रक जसंच्या तसं वाचून घेऊन ध्वनिमुद्रित केलं होतं, ते लावलं. रेघ ढिम्म हलली नाही. मग कुणा अनोळखी माणसाचं वाचन लावलं, तरी तेच. ह्यांचा चेहरा पडला, आणि खरं सांगते, मलाही फार वाईट वाटलं. तेवढ्यात त्या अनोळखी माणसाने पाचवी सूचना वाचली आणि ह्यांना राहवेना. भर प्रयोगात उठून म्हणाले, “अहो, आधी नळ बंद करा की.” रेघ खाली आली. ठोके संथ झाले, म्हणजे बाळ कान देऊन ऐकत होतं. ह्यांना बाहेर काढायचं सोडून बाईंनी खुर्ची पुढे ओढून दिली आणि पुन्हा भांडायला सांगितलं. चार वेळा भांडले, चारही वेळा ठोके संथ. बाई म्हणाल्या, “ओळखतंय हो तुम्हाला.” त्यानंतर हे बराच वेळ बाहेरच्या बाकावर चष्मा पुसत बसले होते.

आमचं बाकी उत्तम चाललंय. काळजी नसावी.

तुमची लाडकी (निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंतची) लेक

ता. क. : पुढच्या फेरीत आजोबांचा आवाज लागतो. सोबत फॉर्म जोडलाय, त्यात ‘आजोबा’ असा रकाना आहे. फोनवर पाच मिनिटं काहीही वाचलंत तरी चालेल. शास्त्राचा प्रश्न आहे, नाही म्हणू नका.

आणखी एक ता. क. : बाबा, तो रकाना मीच पट्टीने आखलाय. पट्टी जरा घसरलीय, त्यामुळे तुमच्या नजरेला ते आलंच असेल. शास्त्राला तुमच्या आवाजाशिवाय चालतं. मला चालत नाही.