दादांच्या पेटीतले पक्षी

प्रिय भावोजी,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमची पाठ कशी आहे? खुर्ची बदललीत का? (नसेलच. तुम्ही दोघे भाऊ दुखणं अंगावर काढण्यात पटाईत.) इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे, पण मी छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासलेली बाई, चूक दिसत असताना पान पुढे जाऊ देत नाही. म्हणून नेमकं लिहिते. तुमच्या दादांचा नवा गुडघा क्षेम आहे, मी क्षेम आहे, आणि तुम्ही बसवून दिलेली ती चार डिस्कची काळी पेटी मात्र मागच्या मंगळवारी सकाळी सव्वाअकरापासून या सोमवारी दुपारपर्यंत क्षेम नव्हती. दोष माझा. आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

झालं असं, की दादा दवाखान्यातून येतील तेव्हा त्यांना धरायला हवं, म्हणून न्हाणीघराच्या भिंतीत दांडे बसवून घेतले. नळवाल्याने भिंत अशी भोसकली, की घरभर पांढरी भुकटी पसरली. सगळं पुसता पुसता मी पेटीपाशी आले. दार उघडलं, एक डिस्क ओढली, पुसली, आणि ती हातात असतानाच दुसरी ओढली. कारण पुसलेलीच्या शेजारी न पुसलेली मला बघवत नाही. पेटी चालू होती. (आधी बंद करायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मागच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहून चिकटवलंय, ते नंतर वाचलं.) पेटी अशी किंचाळली, की माझ्या हातातलं फडकं पडलं. दोन्ही डिस्क होत्या तिथे घातल्या, ती गप्प झाली, मला वाटलं मिटलं. दुपारी कॉम्प्युटरवर उघडून बघते, तर चारही डिस्कपुढे हिरव्या रंगात ‘ठीक’, आणि त्याखाली ‘व्हॉल्यूम: एकही नाही’. म्हणजे कपाटं चारही धडधाकट, आतले कप्पे तेवढे गायब!

भावोजी, दादांनी एकतीस वर्षं टिपलेले पक्ष्यांचे आवाज आहेत हो त्यात. जुन्या तळ्यावरचा तो पाणपक्षी, ज्याच्यासाठी दादा सतरा दिवस चिखलात उभे होते, त्या तळ्याच्या जागी आता बसगाड्यांचा डेपो आहे. तो आवाज आता दादांच्या पेटीतच ऐकायचा. आणि ते दवाखान्यातून रोज चारला फोन करून पहिलं विचारतात, ‘पेटी कशी आहे?’ मी सांगायचे, ‘जागेवर आहे.’ (यात एक अक्षर खोटं नाही.) तुम्हाला फोन केला नाही, कारण तुमच्या पोटात काही राहत नाही. माझी चूक मीच निस्तरणार, असं ठरवून मी चष्मा पुसला आणि कामाला लागले.

पहिला आला नाक्यावरचा दुरुस्तीवाला. त्याने सगळं पाहिलं आणि म्हणाला, ‘काकू, सोपं आहे. ही विचारतेय, नवा व्हॉल्यूम तयार करू का? हो म्हणून टाकतो.’

‘आणि आतलं?’

‘आत काहीच नाही, असं तीच सांगतेय ना!’

मी त्याच्या हातातून माऊस काढून घेतला आणि पाठीमागे धरून उभी राहिले. कोरा कागद हवा म्हणून छापलेलं पुस्तक पुसून टाकणारा हा माणूस! त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. एक तास वीस मिनिटं एकच धून ऐकली, तेव्हा एक मनुष्य बोलला. (आवाजावरून सर्दी झालेला. मी त्याला सर्दीवालाच म्हणते.) हा मात्र गुणी निघाला. त्याने पहिल्यांदा बजावलं, कुठलंही बटण दाबू नका. मग समजावलं, की पेटीतला मजकूर चारही डिस्कवर वाटून लिहिलेला असतो; एक गेली तर उरलेल्या तीन मिळून तिचं भरून काढतात, पण एका वेळी दोन गेल्या तर पेटी हात टेकते. परत घातल्या तरी तिचा विश्वास बसत नाही, कारण प्रत्येक डिस्क स्वतःची नोंद ठेवते आणि त्या नोंदी आता जुळत नव्हत्या. मी म्हटलं, नोंदी जुळवण्यातच माझा जन्म गेला, सांगा कुठे बघायचं.

त्याने दाखवलेल्या जागी चार आकडे सापडले. दोन अगदी सारखे, तिसरा एकानेच कमी, आणि मी सगळ्यात आधी ओढलेली ती तिसऱ्या खणातली डिस्क (पेटीच्या भाषेत ए, बी, सी, डी मधली ‘सी’) बरीच मागे पडलेली. म्हणजे तिला बाजूला ठेवून उरलेल्या तिघींना एकत्र आणायचं. पण त्याआधी चौघींची हुबेहूब नक्कल काढायची, असा सर्दीवाल्याचा हुकूम. त्यासाठी चार रिकाम्या डिस्क दिल्या कुणी? तर त्याच नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने! (माणूस वाईट नाही, नुसता उतावळा.) नकला व्हायला तीन दिवस लागले. दादांचा फोन रोज चारला येत होता, आणि पेटी जागेवर होती.

सोमवारी सर्दीवाल्याने फोनवरून एक ओळ सांगितली, मी ती अक्षर न अक्षर टंकली आणि शेवटचं बटण दाबण्याआधी सवयीने त्याला वाचून दाखवली. मग म्हटलं, ‘अहो, तुम्ही ए, बी आणि पुन्हा बी सांगितलंत. डी राहिली.’ पलीकडून एक शिंक. ‘बरोबर आहे, काकू. डी हवी.’ दुरुस्ती केली, बटण दाबलं, आणि एकेक करत व्हॉल्यूम परत आले: रानपक्षी, पाणपक्षी, अनोळखी. मी तळ्यावरचा पक्षी लावला. तो ओरडला. मीही ओरडले. मागे पडलेली डिस्कही आता तिघींत मिसळली आहे. दादा पुढच्या गुरुवारी घरी येताहेत. तुम्ही काळजी करू नये.

तुमची,
वहिनी

ता. क. परत आलेले व्हॉल्यूम तीन नव्हते, चार होते. चौथ्याचं नाव ‘घर’. त्यात दोनशे चौदा नोंदी आहेत आणि त्या सगळ्या माझ्या घोरण्याच्या आहेत! तारीख, हवामान, कूस डावी की उजवी, सगळं पक्ष्यांसारखं टिपलेलं. एके ठिकाणी ‘अखंड, खर्जातला, दोन खोल्यांपलीकडून स्पष्ट’ असा शेरा. तेव्हा पत्राचं खरं कारण हे: बाकीच्यांना धक्का न लावता एकच व्हॉल्यूम कायमचा हरवायचा कसा, ते उलट टपाली कळवा.

ता. क. दुसरा. कळवू नका. मी आत्ता सगळं ऐकलं. मला फुप्फुसाचा आजार झाला होता ना, त्या महिन्यातल्याच चाळीस नोंदी आहेत. दुपारी मला औषधाची गुंगी यायची तेव्हाच्या. प्रत्येकीच्या शेवटी दादांचा दबका आवाज येतो, ‘श्वास नियमित आहे.’ चाळीसही वेळा. त्या व्हॉल्यूमची आणखी एक नक्कल कशी काढायची, ते सांगा, आणि दादांकडे अवाक्षर काढू नका. फक्त सत्त्याण्णवाव्या नोंदीत ‘लिंग: नर’ असं पडलंय. तेवढी दुरुस्ती मी करणार म्हणजे करणार. कुठे करायची, ते पुढच्या बुधवारच्या आत लिहा.