क्रमांक १७ चा ठसा रद्द होण्याबाबत

प्रति,
मा. सहायक निरीक्षक,
वस्तुसुरक्षा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : शिडी-तपासनीस क्रमांक १७ हा माझा ठसा कायमचा रद्द करणे व त्याखाली विकलेल्या तीनशे बारा शिड्या परत मागवणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझा पहिला अर्ज.
२) कारखान्याने मला दिलेले ‘उत्कृष्ट कर्मचारी’ प्रशस्तिपत्र.

महोदय,

सविनय अर्ज करते की, संदर्भ क्र. १ चा अर्ज आपल्या कार्यालयात जमा आहे. तो काढून पाहावा असे न म्हणता मी सगळा मजकूर नव्याने लिहीत आहे. त्याचे कारण शेवटी दिले आहे.

१. घडीच्या शिड्या बनवणाऱ्या कारखान्यात मी एकोणीस वर्षे तपासनीस आहे. प्रत्येक शिडीवर मी स्वतः शेवटच्या पायरीपर्यंत चढते, तिथे दोनदा पाय आपटते आणि एकही रिव्हेट कुरकुरले नाही तरच खाली येऊन दुसऱ्या पायरीच्या कडेला १७ चा ठसा मारते. शेजारी त्या आठवड्याचा आकडा असतो. माझे वजन अडुसष्ट किलो आहे. ते या कामी उपयोगीच पडले आहे.

२. गेल्या वर्षअखेरीस माझा पाय मोडला. शिडीवरून पडून नव्हे, घरच्या न्हाणीघरात. यावर कारखान्यात पोट धरून हसून झाले आहे. आपणही हसण्यास हरकत नाही. सहा आठवडे मी मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होते. नोंदवहीप्रमाणे त्याच सहा आठवड्यांत मी तीनशे बारा शिड्या चढले, उतरले व पास केल्या. एरवी मी शंभरातल्या आठ-नऊ तरी परत पाठवते. प्लास्टरमध्ये असताना एकही पाठवली नाही. या कामगिरीबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले. ते घ्यायला व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढताना मला दोघांनी हात दिला. प्रशस्तिपत्रावर छापलेला तीनशे बाराचा आकडा मी घरी येऊन चष्मा लावल्यावर वाचला.

३. ठसा माझ्या कपाटात कुलपात असतो. किल्ली मी एकाच व्यक्तीला दिली होती. ती शेजारच्या टेबलावर काम करते आणि पहिल्या दिवसापासून मी तिला ताई म्हणते. ती मला बघायला आली, उशाशी बसली, माझ्या केसांना तेल लावले आणि म्हणाली, “तुझा स्वेटर कपाटात कुबट होईल गं. किल्ली दे, धुऊन आणते.” स्वेटर तिने खरोखरच धुऊन, घडी घालून आणला. आता तिला पर्यवेक्षकाची खुर्ची मिळाली आहे. मी विचारले तेव्हा म्हणाली, “अगं, मोठं नाव तुझंच झालं ना? माझं कुठे झालं?” महोदय, मालकाने फसवले असते तर मी भांडले असते. ताईशी कसे भांडायचे हे शिकायची वेळच कधी आली नव्हती. तो स्वेटर मला अंगात घालवत नाही आणि टाकवतही नाही.

४. व्यवस्थापकांना लेखी कळवले. त्यांचे उत्तर असे की, ज्याअर्थी ठसा माझा आहे, त्याअर्थी शिड्या मीच तपासल्या आहेत. तक्रार असल्यास ती क्रमांक १७ विरुद्ध नोंदवावी. त्यानुसार मी माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवली. चौकशीत मी निर्दोष सुटले. पूर्वीची वर्तणूक चांगली, असा शेरा आहे.

५. माझा धाकटा भाऊ रंगारी आहे. दुकानात दहा शिड्या उलट्यापालट्या करून त्याने १७ ची शोधून घेतली व मला दाखवायला आणली. मी कौतुकाने १७ पाहिला, शेजारचा आठवडा पाहिला नाही. प्रशस्तिपत्राच्या चार दिवस आधी पाचवी पायरी निखळून तो पडला. दोन्ही मनगटे मोडली. शिडी नीट उघडली नसशील म्हणून मी त्यालाच रागावले. तो म्हणाला, “अक्का, माझंच वजन वाढलं असेल.” ठशात खोट असेल हे आजही त्याच्या मनात येत नाही. त्याला सांगायचे माझे धाडस झालेले नाही. आपला आदेश आला की तो मी त्याला वाचून दाखवीन, कारण कागद धरायला त्याचे हात मोकळे नाहीत.

६. तरी ठसा रद्द करून शिड्या परत मागवाव्यात. मला नवा क्रमांक नको.

७. आता नव्याने लिहिण्याचे कारण. पहिला अर्ज आपल्या लिपिकबाईंनी माझ्यासमोर शिडीवर चढून फायलींच्या मांडणीच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. मी सवयीने दुसरी पायरी पाहिली. तिथे १७ होता आणि शेजारी माझ्या प्लास्टरचा चौथा आठवडा. बाई खाली येईपर्यंत मी कुबडी टाकून शिडी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. त्या हसून म्हणाल्या, “घाबरू नका हो, तपासलेली आहे.” मी कुबडी उचलून बाहेर पडले, सांगायचे राहूनच गेले. म्हणून आता लिहिते : तो अर्ज काढायला कुणालाही वर चढवू नये. आणि हा अर्ज कृपया खालच्या कप्प्यात ठेवावा.

आपली नम्र,
(सही)
शिडी-तपासनीस, क्रमांक १७
(रद्द होईपर्यंत)

दिनांक : ११ मार्च

सोबत :
प्रशस्तिपत्र, मूळ प्रत. परत नको.
एक्स-रे दोन : माझा पाय, भावाची मनगटे.
भावाच्या शिडीची पाचवी पायरी.