तुटका दात

१४ जानेवारी १९७१, कासू

संक्रांत. यंदा आमच्या घरी काही नाही. पेणला जाऊन यांचा फोटो मोठा करायला दिला. एकुलता एक! जत्रेतला, धाकट्या दिरासोबतचा. हे हसतायत, पुढचा तुटका दात स्पष्ट दिसतो. द्यायला हात धजेना. स्टुडिओवाला म्हणाला, "घाबरू नका वहिनी, रंगकाम रोह्याला आमचे आर्टिस्ट करतात. मुंबईचा डिप्लोमा आहे त्यांचा!" डिप्लोमा म्हटल्यावर मी फोटो पुढे केला.

वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो हवा. आणि शकूला हवा. काविळीने हे गेले तेव्हा ती पाळण्यात होती.

२ फेब्रुवारी

पेणला स्टुडिओत विचारून आले. म्हणे, "रोह्याहून आला नाही."

११ फेब्रुवारी

फोटो आला! त्यात कोणी सुटाबुटातला गृहस्थ. यांनी लग्नातही कोट घातला नव्हता! गाल गुलाबी, केस चापूनचोपून. दात अख्खे, पांढरेशुभ्र.

सासूबाईंनी फोटो जवळ नेऊन बघितला. "ह्यो माजा मोरू नाय गो," म्हणाल्या आणि मागच्या पडवीत जाऊन बसल्या.

तो दात मी पहिल्यांदा लग्नात पाहिला. अंतरपाट सरला आणि हे हसले, मलाही हसू फुटलं. आई केवढी चिडली होती! आता ते हसू कुठून आणू?

१३ फेब्रुवारी

शकूला कडेवर घेऊन एसटीने रोह्याला गेले. आर्टिस्टच्या डोक्यावर डिप्लोमा, काचेत! म्हणाले, "बाई, चेहऱ्यातला दोष काढूनच द्यायचा असतो. लोक उलट खूश होतात."

दोष! माझ्या नवऱ्याचा दात यांना दोष वाटला!

मूळ फोटो मागितला. दिराला कात्रीने कापून टाकलेलं. यांच्या तोंडावरच ब्रश फिरवलेला, मग त्यावरून मोठा काढलेला. खाली हे असतील म्हणून मी नखाने रंग खरवडला. नुसता पांढरा कागद निघाला.

"दुसरा फोटो आणा, नीट करून देतो," म्हणे.

एसटीत रडले. शकू माझं तोंड पुसत होती.

१९ फेब्रुवारी

वर्षश्राद्ध झालं. हार त्यालाच घातला, दुसरं काय करणार! पान ठेवलं, पण कावळा काही केल्या शिवेना. सासूबाई म्हणाल्या, "कावला वळखंल कसा? फोटू परक्याचा लावलाय."

३० मार्च

काचेवर धूळ बसते. मी पुसते. मनात नसलं तरी पुसते.

६ जुलै

दुपारी सासूबाई शकूला घेऊन फोटोपुढे उभ्या. "बघ गो, ह्यो तुजा बाबा." शकूने दोन्ही हात पसरले — "बाबा!"

मला राहवेना. विचारलं, "तुटका दात डावीकडचा होता ना?"

त्या फोटोकडेच बघत राहिल्या. "तुटका? कदी व्हता गो?"

आणि मला बाजू आठवत नाही.