बिटाचा पाव

९ फेब्रु., सोम.
उद्या चिनूच्या यूकेजीत रेड डे. फ्रॉक लाल, रिबीन लाल, डबाही लालच पाहिजे. मिसचा मेसेज, "होममेड ओन्ली." यांचं काय जातंय सांगायला! बिटं किसून पिळली, रसात पावासाठी मैदा-कणीक मळली. बीट भाजलं की तपकिरी पडतं, म्हणून लिंबू पिळलं. रंग धरला. चिनूचा बाबा सुहास लोंढा स्टेशनवर ड्यूटीला, कौतुक करायला कोणी नाही, स्वतःच स्वतःची पाठ थोपटली.
गेल्या महिन्यातल्या घशाच्या तापानंतर पोरीच्या तोंडाला चव नाही. निदान रंगाला भुलून खाईल.

१० फेब्रु., मंगळ.
डबा चाटूनपुसून! मम्म्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, रेसिपी मागायला झुंबड. चिनूचं फर्मान, रोज रेडच सँडविच. हळदीचा पिवळा, पालकाचा हिरवा, सगळे नापास.

१२ फेब्रु., गुरु.
बाथरूममधून ओरडली, "मम्मी, माझ्या शूचापण रेड डे!" हसून हसून पोट दुखलं. बिटाने होतंच तसं. तेही ग्रुपवर टाकलं, सगळ्या खिदळल्या. उद्याच्या डब्याला परत बिटाचाच लावला.

१४ फेब्रु., शनि.
चिनू दिवसभर लोळतेय. डोकं दुखतं म्हणते. शू आता लाल नाही, कोऱ्या चहासारखी. सासूबाई काकतीहून आल्यात. बघितलं नि म्हणाल्या, "उन्हाळी लागलीया पोरीला, दुसरं काय न्हाय. धण्याजिऱ्याचं पाणी पाज आनि बेंबीवर वल्लं फडकं ठेव." अजून शिवरात्रही झालेली नाही, उन्हाळी कुठली? पण मी तरी काय मोठी शहाणी! मला वाटलं, बीट भाजल्यावर तपकिरी पडतंच, पोटात गेल्यावरही तसंच होत असेल. खरंच असं वाटलं मला.

१६ फेब्रु., सोम.
सकाळी चिनूचे डोळे उघडेनात, इतके सुजलेले. सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. "डबा कशाला दावत बसतीस गं समद्यांस्नी? लागली न्हवं दृष्ट!" आणि मी तिला शाळेत पाठवली, गॅदरिंगची प्रॅक्टिस चुकायला नको म्हणून. शहाणपणाची कमालच!
दुपारी मिसचा फोन, "मम्मी, ती घरी रडते का? फेस बघा ना तिचा, केवढा सुजलाय."
घेऊन येताना स्कूटरवर लक्षात आलं. शेवटचा पाव शुक्रवारी संपला. त्यानंतर घरात बीटच नाही. आणि आज सकाळीही शू तशीच...
गाडी कडेला घेतली. चिनू मागून म्हणाली, "मम्मी, पेट्रोल संपलं?"
तशीच दवाखान्यात नेली.

१७ फेब्रु., मंगळ.
कालच ॲडमिट केलं. मूत्रपिंडाला सूज. बीपी एवढ्याशा जिवाला नको तितकं. घशाच्या दुखण्यानंतर मुलांना असं होतं म्हणे, डॉक्टरांनी आधी त्याचंच विचारलं. ताप उतरल्यावर गोळ्या बंद केल्या होत्या का? केल्या होत्या. लाल कधीपासून होतेय? "बिटाने होतं ना डॉक्टर, म्हणून मी..." ते लिहायचे थांबले, माझ्याकडे बघितलं, परत लिहायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं.
सुहास मिळाली ती गाडी पकडून आला. पोरीजवळ बसला. मग हळूच, "ग्रुपवर टाकलेलीस ते शूचं... हेच व्हय गं?"
हो, हेच.

१९ फेब्रु., गुरु.
मीठ बंद. पाणी मोजून. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, डॉ. म्हणाले. त्या "बहुतेक"ने जीव खाल्लाय माझा.
घरी जाऊन बिनमिठाचा पाव केला. मिठाशिवाय पीठ भसाभस फुगतं आणि ओव्हनमध्ये बसतं. पांढराफटक, दडस झाला. सासूबाई दाराशी येऊन उभ्या. "म्या उन्हाळी म्हनलं. चुकलंच गं माझं." तुमचं काही नाही, असं म्हणायला हवं होतं. राग त्यांचा नव्हताच, माझाच मला येतोय, पण तो सांगायचा कुणाला?
दवाखान्यात चिनूने दोन घास खाल्ले. "ह्याला चवच नाही." तिसरा माझ्या हातावर परत ठेवला.

२१ फेब्रु., शनि.
रक्ताचा रिपोर्ट वाईट, परवापेक्षाही वाईट. उद्यापर्यंत लघवी सुधारली नाही तर मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं, किडनीचा तुकडा काढून तपासायचा. सुहासने सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला.
शू बाटलीत करायची, नर्स मोजते, उजेडात धरून रंग बघते. आम्ही दोघं बाटलीकडे बघतो. चिनू आमच्या तोंडाकडे बघते. हे माझ्या आज लक्षात आलं, फार उशिरा.
दुपारी मी खाली औषधं आणायला गेले, सुहासचा जरा डोळा लागलेला. वर आले तर चिनू बाथरूममध्ये, आतून कडी. फ्लशचा आवाज.
"चिनू, बाटलीत करायची ना गं?"
कडी काढून बाहेर आली. चेहरा अजून सुजलेलाच, त्यात हसू. "आज पांढरी होती मम्मी. एकदम पांढरी! आता घरी जायचं?"
खरं सांगतेय की आमच्यासाठी सांगतेय, कळायला मार्ग नाही. नर्स म्हणाली, पुढच्या वेळेची वाट बघू. जास्तीचं पाणीही देता येत नाही तिला.